हिरडीतला थेंब काय सांगतो?

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील गाव. दिवाळीच्या सुटीआधी तेथील एका शाळेत मुलांशी विज्ञानावर बोलण्याचा योग आला. कार्यक्रम संपल्यावर विज्ञानाच्या शिक्षकांनी वहीत जपून ठेवलेले एक कात्रण आमच्या हाती दिले. त्याचा आशय असा होता : हिरडीतल्या एका थेंबाची तपासणी केली की दात किती वेगाने सरकतो आहे ते कळते, त्यामुळे वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या उपचाराचा काळ आता निम्म्यावर येणार. "यात खरे किती, सर?" असे त्यांनी विचारले.

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीची आई पुढे आली. मुलीचे वरचे सुळे पुढे आलेले होते आणि दंतवैद्याने तारा लावायला सांगितले होते. आईने विचारले, "सर, दिवाळी झाली की आमी कारखान्याला जाणार. पोरीच्या दाताला तार लावली तर तिकडं चालंल का? का मधी मधी दाखवायला यावंच लागतंय?"

केज तालुक्यातील शिक्षकांना या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तारांचा उपचार मात्र साधारण दीड ते दोन वर्षे चालतो आणि दर चार ते सहा आठवड्यांनी दंतवैद्याकडे जावे लागते.

एकाच वेळी आलेले हे दोन प्रश्न आम्हाला एकमेकांना जोडलेले वाटले. थेंबाची तपासणी खरोखरच कात्रणात म्हटल्याइतकी सांगू शकत असेल, तर तिचा सर्वाधिक उपयोग या मुलीलाच व्हायला हवा. म्हणून या लेखात आम्ही कात्रणातल्या दाव्याची, आणि तो ज्या संशोधनावर उभा आहे त्या संशोधनाची, परीक्षा करणार आहोत. आईचा प्रश्न ही आमची कसोटी राहील. आम्ही दंतवैद्य नाही. हाडांतील पेशींवर प्रयोगशाळेत काम करणारे आहोत. त्यामुळे पुढे जे दोष दाखविले आहेत, त्यांतले काही आमच्या स्वतःच्या कामातही होते, हे आधीच सांगून टाकतो.

दात सरकतो कसा?

खांब जमिनीत पुरावा तसा दात हाडात पुरलेला असतो, अशी बहुतेकांची समजूत असते. तसे असते तर तो सरकलाच नसता. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा, रक्तवाहिन्यांचा आणि पेशींचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर असते. दंतवैद्य त्याला पेरिओडाँटल लिगामेंट म्हणतात. आपण त्याला दंतबंध म्हणू.

तारेने दाताला एका बाजूला ढकलले की त्या बाजूचा दंतबंध दाबला जातो आणि विरुद्ध बाजूचा ताणला जातो. दाबलेल्या बाजूला हाड झिजविणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, जमतात आणि हाड पोखरतात. ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, नवे हाड घालतात. पुढची भिंत पाडावी, मागे नवी बांधावी आणि खोली तेवढीच ठेवून पुढे सरकवावी, असा हा प्रकार आहे. म्हणून दात हलविण्याचे खरे काम पेशी करतात. तार त्यांना केवळ इशारा देते.

स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी १९०४-०५ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून हे चित्र प्रथम स्पष्ट झाले. जोर फार झाला तर दाबलेल्या भागातील पेशी मरतात आणि काही काळ दात अडकून बसतो, हेही त्यांनी पाहिले होते. १९३२ साली श्वार्झ यांनी असा विचार मांडला की, योग्य जोर केशवाहिन्यांतील रक्तदाबापेक्षा अधिक नसावा; तो त्यांनी दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम एवढा सांगितला. तार जास्त आवळली की दात लवकर सरकेल, हा आपला सहज समज येथेच खोटा ठरतो.

हे सारे घडते हिरडीच्या आड. दंतवैद्याला बाहेरून दिसते ते एवढेच की, महिन्याभरात दात साधारण एक मिलिमीटर सरकला किंवा सरकला नाही. आत काय चालले आहे हे आजच कळले, तर तो जोर वेळीच कमी-जास्त करू शकेल. जैविक निर्देशकांचा, म्हणजे बायोमार्करचा, शोध याच गरजेतून सुरू झाला. ही गरज खरी आहे, हे आम्हाला मान्य आहे.

थेंबात काय सापडले?

दात आणि हिरडी यांच्यामधील बारीक फटीत सतत थोडा द्रव पाझरत असतो. त्याला आपण हिरडीद्रव म्हणू. कागदाची अगदी अरुंद पट्टी त्या फटीत सुमारे अर्धा मिनिट ठेवली की ती हा द्रव शोषून घेते. टोचावे लागत नाही, दुखत नाही. मिळणारा द्रव मात्र एका थेंबाहूनही पुष्कळ कमी, बहुधा एक मायक्रोलिटरच्या आतबाहेर असतो. दंतबंधात पेशींची जी लगबग चालते, तिच्यात तयार होणारी रसायने या द्रवात उतरतात.

अमेरिकेतील ग्रीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखविले की, दातावर जोर लावल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत हिरडीद्रवातील प्रोस्टाग्लँडिन आणि इंटरल्यूकिन-१ बीटा ही रसायने वाढतात आणि आठवड्याच्या अखेरीस मूळ पातळीवर येतात. जपानच्या उएमात्सु आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली १२ रुग्णांत हेच वेगळ्या तऱ्हेने तपासले. प्रत्येक रुग्णाचा एक सुळा सरकवला जात होता आणि त्याच्याच तोंडातला दुसरा सुळा तुलनेसाठी ठेवला होता. २४ तासांनी सरकणाऱ्या सुळ्याजवळ इंटरल्यूकिन-१ बीटा आणि त्या जातीची इतर काही रसायने स्पष्टपणे जास्त आढळली. त्याच वर्षी हाड बांधण्याशी संबंधित अल्कलाइन फॉस्फटेज या विकराचाही, म्हणजे एन्झाइमचाही, असाच चढउतार नोंदला गेला.

१९९७-९८ या दोन वर्षांत हाडांच्या अभ्यासात मोठी भर पडली. ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होण्याचा आदेश रँकल नावाचे प्रथिन देते आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचे दुसरे प्रथिन तो आदेश अडवते, हे समजले. २००६ साली जपानच्या निशिजिमा आणि सहकाऱ्यांनी दहा किशोरवयीन रुग्णांच्या हिरडीद्रवात ही जोडी मोजली. जोर लावल्यावर २४ तासांनी रँकल वाढले होते आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन घटले होते. प्रयोगशाळेत जे अपेक्षिले होते, तेच माणसाच्या तोंडात दिसले.

हे काम नीटनेटके आहे. तुलनेसाठी त्याच तोंडातला दुसरा दात घेणे ही तर फार चांगली युक्ती आहे; वय, आहार, संप्रेरके या सर्व गोष्टी दोन्ही दातांना सारख्याच असतात. दात सरकण्याचे जीवशास्त्र समजून घेण्यास या संशोधनाने मोलाची मदत केली. आमचे आक्षेप आहेत ते येथून पुढच्या उडीला : 'सरकणाऱ्या दाताजवळ हे रसायन वाढते' येथून 'या रसायनावरून दात किती सरकेल ते कळते' येथपर्यंतच्या उडीला.

पहिला आक्षेप : हिरडी स्वच्छ हवी

इंटरल्यूकिन-१ बीटा हे दात सरकल्याचे खास रसायन नाही. शरीरात कुठेही दाह झाला, म्हणजे सूज आली, की ते वाढते. हिरडीवर कीटण साचून ती सुजली तरी ते वाढते. म्हणून संशोधक अशा अभ्यासांसाठी निरोगी हिरड्यांचे रुग्ण निवडतात, त्यांना दात घासण्याचे नीट शिक्षण देतात आणि मगच मापन सुरू करतात. प्रयोगासाठी ते योग्यच आहे. परंतु तारा लावल्यावर दात स्वच्छ ठेवणे कठीण जाते आणि बहुतेक मुलांच्या हिरड्या थोड्याफार सुजतात, ही रोजची वस्तुस्थिती आहे. ज्या घरात दातांना मिश्री किंवा राखुंडी लावली जाते, ज्या तळावर सकाळी चारला कोयते घेऊन फडात जावे लागते, तेथे काय होईल ते सांगायला नको. अशा तोंडातला वाढलेला निर्देशक तारेमुळे वाढला की हिरडीच्या सुजेमुळे, हे त्या एका आकड्यावरून ठरविता येत नाही.

मांजरा नदीला गढूळ पाणी आले की वर कुठेतरी पाऊस झाला, हे आपण ओळखतो. पण कोणाच्या शेतात झाला आणि किती झाला, ते गढूळपणा सांगत नाही. वर कुणी बांध फोडला असला तरीही पाणी गढूळच येते.

दुसरा आक्षेप : मापेच एक नाहीत

एक मायक्रोलिटरएवढा द्रव मोजणे ही नाजूक गोष्ट आहे. हिरडी सुजली की द्रव जास्त पाझरतो. अशा वेळी रसायनाचे एकूण प्रमाण वाढलेले दिसते, पण संहती तेवढीच असू शकते किंवा कमीही झालेली असू शकते. काही संशोधक अर्ध्या मिनिटात मिळालेले एकूण प्रमाण देतात, काही संहती देतात, तर काही द्रवातील एकूण प्रथिनांच्या तुलनेत आकडा देतात. जोर वेगळा, दात वेगळा, नमुना घेण्याची वेळ वेगळी. त्यामुळे एका प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील ओमप्रकाश खरबंदा यांच्यासह काही संशोधकांनी २०१४ साली अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. पहिल्या दिवसाच्या सुमारास इंटरल्यूकिन-१ बीटा, प्रोस्टाग्लँडिन आणि रँकल वाढते, ही गोष्ट बऱ्याच अभ्यासांत समान दिसते. मधुमेहाच्या तपासणीत साखरेची जशी सर्वमान्य मर्यादा असते, तशी मर्यादा मात्र या निर्देशकांपैकी एकालाही नाही. 'एवढ्याच्या वर गेले तर जोर कमी करा' असे सांगणारा आकडा दंतवैद्याच्या हाती नाही.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. बीड जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण भारतीय मानकापेक्षा जास्त आढळले आहे. हे मानक लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. फ्लोराइड दातांच्या कवचात बसते तसेच हाडातही बसते आणि उंदरांवरील काही प्रयोगांत फ्लोराइडमुळे दात सरकण्याचा वेग मंदावलेला दिसला आहे. तेव्हा जपानी किंवा अमेरिकी मुलांत ठरविलेला आकडा उद्या मिळाला, तरी तो येथील मुलांना जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल. आधी येथील मुलांत मोजावे लागेल.

तिसरा आक्षेप : खूण वाढली म्हणजे काम झाले असे नाही

हा आक्षेप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१३ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २० रुग्णांत एक प्रयोग केला. सरकवायच्या दाताजवळच्या हाडात बारीक छिद्रे पाडली. त्या बाजूच्या हिरडीद्रवात दाहाची रसायने वाढली आणि २८ दिवसांत सुळा सुमारे २.३ पट अधिक सरकला, असे त्यांनी नोंदविले. खूणही वाढली आणि वेगही वाढला. बातमीला आणखी काय हवे? ही पद्धत अनेक देशांत झपाट्याने पसरली. पुढे इतरांनी अधिक काळ पाहणी केली. २०१८ साली जॉर्डनमध्ये झालेल्या चाचणीत तीन महिन्यांत छिद्रे पाडलेल्या आणि न पाडलेल्या बाजूंमध्ये दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही. काही चाचण्यांत थोडा फरक दिसला, काहींत दिसला नाही. निम्म्या काळाचे आश्वासन मात्र टिकले नाही. दातांना कंप देणाऱ्या उपकरणाचेही तेच झाले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ८१ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीत त्याने दात लवकर सरळ होत नाहीत, असे आढळले.

याचे कारण पेशींच्या कामातच आहे. हाड झिजविण्याचा आदेश देणारे रसायन दोन दिवस वाढले, तरी पुढचे महिनाभराचे काम इतर अनेक गोष्टींवर अवलंबून असते : मूळ किती लांब, हाड किती घट्ट, तार किती घासते, चावताना दात कसा दाबला जातो. पहिल्या दिवशी कामावर किती मजूर आले, यावरून घर केव्हा पुरे होईल ते कसे सांगणार?

वैद्यकात या चुकीची किंमत कधी कधी फार मोठी पडली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत हृदयाचे जादा ठोके दिसले की मृत्यूचा धोका जास्त असतो, हे माहीत होते. म्हणून ते ठोके थांबविणारी औषधे दिली जाऊ लागली. ठोके थांबले, खूण सुधारली. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत शेवटी मृत्यूच मोजले, तेव्हा १९८९ साली चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. १९९१ च्या अहवालानुसार औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ मरण पावले होते, तर औषधासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. दातांच्या बाबतीत जिवाचा प्रश्न नाही, पण धडा तोच आहे. ज्यासाठी उपचार करायचा तीच गोष्ट शेवटी मोजली पाहिजे.

चौथा आक्षेप : सरासरी आणि एक मुलगी

आमच्या क्षेत्रात दोन गटांच्या सरासरीत फरक सापडला आणि तो योगायोगाने आलेला नाही असे गणिताने दाखविले, की आम्ही खूश होतो. तक्त्यावर तारांकन येते, लेख छापून येतो. आम्हीही असे लेख लिहिले आहेत आणि शेवटी 'याचा रुग्णांना उपयोग होईल' असे एक वाक्य जोडले आहे. त्या वाक्यामागे पुरावा होता का, असे कोणी विचारले असते तर आम्हाला मान खाली घालावी लागली असती.

हा दोष मुलांना वर्गात सहज दाखविता येईल. सहावीच्या आणि आठवीच्या सर्व मुलामुलींची उंची मोजा. आठवीची सरासरी नक्की जास्त येईल. आता एका मुलाची केवळ उंची सांगा आणि तो कोणत्या वर्गातला ते ओळखायला लावा. पुष्कळ वेळा उत्तर चुकेल, कारण दोन्ही वर्गांच्या उंची एकमेकींत मिसळलेल्या असतात. गटांत फरक आहे, हे खरे. पण त्यावरून एका व्यक्तीबद्दल सांगता येत नाही, हेही खरे. हिरडीद्रवाचे बहुतेक अभ्यास पहिल्या प्रकारचे आहेत आणि कात्रणातला दावा दुसऱ्या प्रकारचा आहे.

दुसरा एक हिशेब वरच्या वर्गांसाठी. तारांच्या उपचारात काही रुग्णांच्या दातांची मुळे टोकाकडून झिजतात. समजा, १०० मुलांपैकी १० जणांची मुळे धोक्याइतकी झिजणार आहेत. समजा, आपल्याकडे अशी चाचणी आहे की ती झिजणाऱ्या १० पैकी ८ जणांना ओळखते आणि न झिजणाऱ्यांपैकी ८० टक्के मुलांना 'ठीक' म्हणते. ऐकायला ही चाचणी चांगली वाटते. आता मोजा. उरलेल्या ९० पैकी १८ जणांना ती चुकून 'धोका' म्हणेल. म्हणजे 'धोका' असे उत्तर २६ मुलांना मिळेल आणि त्यांपैकी खरोखर धोका फक्त ८ जणांना असेल. १८ मुलांचा उपचार विनाकारण थांबेल आणि दोघे निसटतील ते वेगळेच. आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत; हिशेबाची रीत मात्र कोणत्याही चाचणीला लागू पडते.

मग हे काम वाया गेले काय?

मुळीच नाही. उलट त्यातील एक दिशा आम्हाला फार आशादायक वाटते, आणि ती कात्रणात नव्हती. दाताचे मूळ झिजू लागले की दंतिनातील, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागातील, काही प्रथिने हिरडीद्रवात येतात. ही प्रथिने जवळजवळ दातातच असतात. सुजलेल्या हिरडीतून ती येत नाहीत. २००४ सालापासून काही संशोधकांनी ती मोजली आहेत. आमच्या पहिल्या आक्षेपाला येथे चांगले उत्तर मिळू शकते. शिवाय मुळाची झीज वेळीच कळली तर त्यावर करण्यासारखे काही आहे. स्वीडनमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, झीज आढळताच दोन-तीन महिने जोर थांबविला तर पुढची झीज कमी होते. आज ही झीज क्ष-किरण चित्रावरून पाहावी लागते आणि चित्रात दिसेपर्यंत काही नुकसान होऊन गेलेले असते.

खुर्चीजवळ करता येणारी पट्टी-चाचणी हेही केवळ स्वप्न नाही. हिरड्यांच्या रोगासाठी एमएमपी-८ या विकराची अशी चाचणी युरोपात वापरली जाते. तारांच्या उपचारासाठी तशी पट्टी कधी आली, तर तिची परीक्षा कशी करावी? आमच्या मते पाच प्रश्न पुरेत. ती सुजलेल्या हिरडीतही खरे सांगते का? वेगवेगळ्या ठिकाणी तोच आकडा येतो का? त्या आकड्यावरून एका रुग्णाचे पुढे काय होणार ते कळते का? कळल्यावर दंतवैद्य काही वेगळे करू शकतो का? आणि तसे केल्याने रुग्णाचा काळ, पैसा किंवा त्रास खरोखर वाचतो का?

शेवटच्या प्रश्नात युसूफ वडगाव येते. दंत महाविद्यालयात दाखवायचे तर बाहेरगावी जावे लागते. प्रत्येक फेरीला मुलीची शाळा बुडते आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. 'या महिन्यात सर्व ठीक आहे, येण्याची गरज नाही' किंवा 'लगेच या, मूळ झिजते आहे' एवढे सांगणारी पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली, तर तिचे मोल मोठे होईल. शहरात दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला ती सोय वाटेल. फडावरच्या मुलीसाठी उपचार शक्य होणे किंवा न होणे तिच्यावर अवलंबून राहील. आमच्या वाचनात आलेले अभ्यास मात्र बहुधा मोठ्या शहरांतील दंत महाविद्यालयांच्या रुग्णांवर झाले आहेत. ज्यांना फेरी परवडते त्यांच्यावरच मोजमाप झाले, तर ज्यांना ती परवडत नाही त्यांच्या उपयोगाची चाचणी तयार होणार नाही. चाचणीचा उपयोग कोणाला व्हायचा, हे संशोधनाच्या सुरुवातीलाच ठरवावे लागते.

आईला दिलेले उत्तर

त्या दिवशी आम्ही कात्रण बाजूला ठेवले आणि आईला सरळ सांगितले की, अशी चाचणी आज हाती नाही. तारा लावल्या की मधून मधून दाखवायला जावेच लागते. तार सुटली, टोचू लागली किंवा दाताला नको त्या बाजूला ओढू लागली, तर पाच महिने कुणी न पाहता ठेवणे बरे नाही. म्हणून तारा लावण्याआधीच दंतवैद्याला गावाबाहेर राहण्याचे महिने सांगावेत. उपचार परत आल्यावर सुरू करावा का, की आता सुरू करून त्या महिन्यांत जोर न लावणारी तार ठेवता येईल, हे तोच पाहून ठरवील. पुष्कळ मुलांत काही महिने थांबल्याने बिघडत नाही. काहींत वाढीचे वय निसटते. हे तोंडात पाहिल्याशिवाय सांगता येत नाही आणि कोणत्याही कात्रणावरून तर नाहीच.

त्यावर शिक्षक म्हणाले, "बाई, पोरीला आजीजवळ ठेवता येतंय का बघा. शाळाही बुडणार नाही. दवाखान्यात न्यायचं आम्ही बघू."

आईने लगेच हो म्हटले नाही. घरी विचारून सांगते, म्हणाली. पोर मागे ठेवायची तर स्वयंपाक, धाकटी भावंडे, आजीची तब्येत, असे सगळेच प्रश्न उभे राहतात. ते आम्हाला कळत होते. पण त्या मुलीचे दात वेळेत सरळ होण्यासाठी आज जे काही करता येण्याजोगे होते, ते शिक्षकांच्या त्या तीन वाक्यांत आले होते.

ते कात्रण आम्ही शिक्षकांना परत दिले आणि फाडू नका असे सांगितले. आठवी-नववीच्या वर्गात ते एकदा मोठ्याने वाचावे. मग मुलांना विचारावे : किती जणांत पाहिले? कशाशी तुलना केली? काय मोजले आणि काय मोजायला हवे होते? ही सवय लागली तर पुढे दातांचीच काय, कोणतीही जाहिरात त्यांना सहज फसवू शकणार नाही.